जुन्या फिरत्या घराची खरेदी

घोडा विकत घेणाऱ्यानें आधीं त्याचे दांत पाहावेत, असें जुनीं माणसें सांगत असत. घोड्याची जागा मोटारीनें घेतली. पण दांत पाहण्याची गरज मात्र गेली नाहीं. परक्या देशांत, परक्या कायद्याखालीं आणि घाईच्या वेळीं मोटार घ्यावयाची असेल, तर ती गरज दुणावते. २०२४ सालीं न्यूझीलंडमध्यें आम्हां उभयतांना जो अनुभव आला, त्याच्या आधारें या विषयासंबंधीं चार गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

न्यूझीलंड हा मुख्यतः दोन मोठ्या बेटांचा देश. उत्तर बेटांत ऑकलंड, दक्षिण बेटांत ख्राइस्टचर्च आणि मध्यें कूकची सामुद्रधुनी. वेलिंग्टनहून पिक्टनला गाडीसकट बोटीनें जावयास सुमारें साडेतीन तास लागतात. वस्ती विरळ, उतारूंच्या आगगाड्या मोजक्या आणि प्रेक्षणीय स्थळें दूरदूर. म्हणून तेथें महिनोन्‌महिने हिंडणारा प्रवासी निजण्याची व रांधण्याची सोय असलेली मोटार पसंत करतो. तिला ‘कॅम्परव्हॅन’ म्हणतात. पंधरा दिवसांची सफर असेल, तर अशी गाडी भाड्यानें घेणेंच बरें. पण मुक्काम तीन-चार महिन्यांचा असला, म्हणजे जुनी गाडी विकत घ्यावी आणि परततांना विकून टाकावी, हा हिशेब पुष्कळांना सोईचा वाटतो. तेथील वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूनें चालते, ही आपल्या लोकांना आणखी एक सोय.

या बाजाराला ऋतु आहेत. तेथील उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असा असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर घेणारे फार, म्हणून भाव चढतात. मार्च-एप्रिलमध्यें परतणाऱ्यांची गर्दी होते आणि भाव उतरतात. याचा अर्थ असा कीं, बहुतेक प्रवासी महाग घेतो व स्वस्त विकतो. विक्रीसाठीं शेवटचे दोन-तीन आठवडे मोकळे ठेवणें हा यावर सोपा उपाय. विमानाचें तिकीट खिशांत घेऊन गाडी विकणारा मनुष्य मिळेल ती किंमत पदरांत पाडून घेतो.

असाच एक परदेशी तरुण आम्हांला भेटला. त्याची गाडी टोयोटा हायेस जातीची, डिझेलवर चालणारी. आंत बिछाना, चूल, पडदे, सारें नीटनेटकें. तो दोन दिवसांनीं जावयाचा होता आणि नकळत त्याची घाई आमच्याही मनांत शिरली. पैसे दुसऱ्या दिवशीं सकाळीं द्यावयाचे ठरलें. त्या रात्रीं तळावरील शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं सहज विचारलें, “रस्त्याच्या पट्टीचे आंकडे पाहिलेत ना?” आम्ही गप्प.

ही पट्टी समजून घेण्यासारखी आहे. तेथें पेट्रोलच्या किंमतींतच रस्त्यांसाठींचा कर असतो. डिझेलवर तो नसतो. म्हणून डिझेल गाडीच्या मालकानें हजार हजार किलोमीटरच्या हिशेबानें आगाऊ परवाना विकत घ्यावा लागतो. त्या वर्षीं हलक्या गाडीला हजार किलोमीटरमागें ७६ डॉलर पडत. सकाळीं आम्ही कांचेवरील चिठ्ठी आणि चालकापुढील मोजणीयंत्र ताडून पाहिलें. परवाना संपून गाडी नऊ हजार किलोमीटर अधिक धांवली होती. म्हणजे ६८४ डॉलरांची थकबाकी! गाडी नांवावर झाली कीं हा तगादा नव्या मालकाकडे येऊं शकतो. तो तरुण लबाड होता, असें मला वाटत नाहीं. त्यालाही ती तशीच कोणीं तरी विकली असावी. पण तेवढी रक्कम किंमतींतून कमी करण्यास तो तयार होईना, तेव्हां आम्ही त्याचा निरोप घेतला.

दुसरी चौकशी कर्जाची. एखाद्यानें गाडी तारण ठेवून पैसे काढले असतील आणि ते फेडले नसतील, तर खासगी विक्रेत्याकडून घेतलेली गाडीसुद्धां सावकार ओढून नेऊं शकतो. अशा तारणांची सरकारी नोंदवही आहे. गाडीचा क्रमांक सांगून किरकोळ शुल्कांत ती पाहतां येते. या बाबतींत आळस करूं नये.

तिसरी गोष्ट ‘वॉरंट ऑफ फिटनेस’ या दाखल्याची. गाडी हवालीं करतांना हा दाखला एका महिन्याच्या आंतला असावा, असा तेथील नियम आहे. मात्र ‘आहे त्या स्थितींत’ घेतों, असें आपण लिहून दिलें, तर हा हक्क जातो. शिवाय या तपासणींत ब्रेक, टायर, दिवे, सांगाड्याचा गंज हीं पाहतात. एंजिनाच्या प्रकृतीची हमी तींत नाहीं. त्यासाठीं स्वतंत्र यंत्रज्ञाकडून परीक्षा करवावी. एंजिन थंड असतांना तें सुरू करून पाहावें. आंतील दांत्यांचा पट्टा केव्हां बदलला, याची पावती मागावी. तो वाटेंत तुटल्यास सबंध एंजिन निकामी होऊं शकतें. गादी उचलून खालच्या फळीला हात लावावा. ओल आणि गंज नव्या रंगाखालीं लपतात, पण कुबट वास लपत नाहीं.

चौथी गोष्ट मुक्कामाची. गाडींत निजावयाचें म्हणून ती कोठेंही उभी करतां येत नाहीं. २०२३ सालच्या कायद्यानें स्वयंपूर्ण गाडीचे नियम कडक झाले: शौचपात्र गाडींत कायमचें बसविलेलें हवें आणि बिछाना पसरलेला असतांही तें वापरतां आलें पाहिजे. अशा गाडीला हिरवी चिठ्ठी मिळते. निळी चिठ्ठी जुन्या पद्धतीची. विक्रेता ‘स्वयंपूर्ण’ म्हणाला, तरी चिठ्ठीचा रंग, तिची मुदत आणि तीवरील माणसांची संख्या आपल्या डोळ्यांनीं वाचावी. एक सूचना जिवाची: थंडींत बंद गाडींत ऊब यावी म्हणून गॅसची चूल पेटवून कधींही निजूं नये. तिच्यापासून होणारा विषारी वायु डोळ्यांना दिसत नाहीं, नाकालाही कळत नाहीं.

व्यवहार पुरा झाला कीं विकणारा व घेणारा या दोघांनींही मालकी बदलल्याची वर्दी लागलीच द्यावयाची असते. विकतांनाही हें विसरूं नये. नाहीं तर दुसऱ्याचे दंड आपल्या नांवावर चढतात. व्यापाऱ्याकडून घेतल्यास किंमत अधिक पडते, पण १९९३ च्या ग्राहकहमीच्या कायद्याचें संरक्षण मिळतें. खासगी विक्रेत्याच्या बाबतींत तें नाहीं. आणि तो विक्रेता एकदां विमानांत बसला, म्हणजे दाद तरी कोणाकडे मागणार?

अखेर आम्हीं पेट्रोलवर चालणारी, थोडी महाग, पण कागदपत्रें चोख असलेली एक गाडी घेतली. एप्रिलमध्यें ती विकली तेव्हां थोडी खोट आली. ती आम्हीं गाडीभाडें समजून सोसली. विकत घेणाऱ्या जोडप्यापुढें आम्हीं साऱ्या पावत्या मांडल्या, तेव्हां त्यांना जरा नवल वाटलें. त्यांना मीं त्या वृद्ध बाईंचा प्रश्न सांगितला आणि पुढच्या वर्षीं गाडी विकतांना तो घेणाऱ्याला आपणहून सांगा, अशी विनंति केली.