खडकावरील फुलणारी उशी

आल्प्स पर्वतावर वृक्षांची सीमा मागे पडली आणि झुडपांनाही वाऱ्यापुढे तग धरणे कठीण झाले, म्हणजे खडकांच्या फटींत शेवाळ्यासारखे हिरवे उंचवटे दिसू लागतात. बर्फ वितळल्यानंतर ते गुलाबी फुलांनी असे भरून जातात की, पाने दिसेनाशी होतात. हे शेवाळे नव्हे. कार्नेशनच्या कुळातील ही सपुष्प वनस्पती होय. शास्त्रीय नाव सायलीनी अकौलिस. इंग्रजीत तिला मॉस कँपियन म्हणतात. लिनियसने १७५३ मध्ये योजलेल्या ‘अकौलिस’ या विशेषणाचा अर्थ ‘खोड नसलेली’. खोडे असतात, परंतु ती आखूड व दाट असल्याने नजरेस पडत नाहीत, एवढेच.

या घुमटाकार रचनेतच तिच्या जीवनाचे रहस्य आहे. वारा वरून निसटून जातो, आतील हवा स्थिर राहते आणि उन्हाची ऊब साठते. स्वच्छ दिवशी उशीचे तापमान बाहेरील हवेपेक्षा १० अंशांहूनही अधिक असू शकते. जुनी पाने आतच कुजून खत बनतात. जाड सोटमूळ फटीत खोल शिरलेले असते. फुले बहुधा दक्षिणेकडील बाजूस प्रथम उमलतात. वाटसरूला दिशा कळावी, इतका हा नेम.

वाढ मात्र विलक्षण मंद. अलास्कातील मोठ्या उशांचे वय ३०० वर्षांहून अधिक असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणूनच बागेसाठी डोंगरावरून रोप उपटून आणणे हा मोठाच अपराध म्हटला पाहिजे. सोटमूळ तुटते, रोप बहुधा दगावते, आणि शतकांचे काम क्षणात संपते. बी पेरावे, तेही थंडीत ठेवून. खडीमिश्रित, पाणी न साचणारी जमीन आणि भरपूर ऊन हवे. आपल्या मैदानी प्रदेशातील उन्हाळा व पावसाळा तिला मानवणार नाही. तेथे तिचा हट्ट धरू नये. थंड हवेच्या देशांतील बागाइतांचीही तक्रार असते की, उशी छान धरते, पण फुले तुरळक येतात.

डोक व मॉरिस यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, उत्तर अमेरिकेतील दक्षिणेकडील उष्णतर ठिकाणी ही झाडे मरतात अधिक, पण उरलेली वेगाने वाढून ती तूट भरून काढतात. उष्णता आणखी वाढल्यास ही भरपाई अपुरी पडेल, असा इशाराही त्यांनी दिला आहे.