शर्यतीचा बैल औताला टिकतो का?

शंकरपटात डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पल्ला मारणारी बैलजोडी तुम्ही पाहिली असेल. तीच जोडी सहा दिवस औताला जुंपली तर? मोटारसायकलच्या शर्यतीतही हाच प्रश्न पडतो.

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या आखलेल्या वाटेवरची झुंज. पंचवीस-तीस, कधी चाळीस गडी एकदम सुटतात आणि उड्या मारत तेच ते फेरे घेतात. जागतिक स्पर्धेतही एक शर्यत अर्ध्या तासाच्या थोडी पुढे जाते, एवढंच. 'सिक्स डेज एन्ड्युरो'चं तसं नाही. 1913 साली इंग्लंडमधल्या कार्लाइल इथं सुरू झालेली ही स्पर्धा सहा दिवस चालते. दिवसभर रानातून, दगडधोंड्यांतून जायचं आणि ठरल्या मिनिटाला ठरल्या नाक्यावर हजर व्हायचं. उशीर झाला की दंड. वाटेत काही तुकडे घड्याळ लावून पळवतात, निकाल मुख्यतः तिथंच ठरतो.

या तुकड्यांवर मोटोक्रॉसवाल्याचा वेग कामी येतो. पण पाठलाग करायला पुढं कुणी नसतं, झुंज घड्याळाशी. शिवाय आधी गाडी घालून सराव करता येत नाही, पायी फिरून मात्र बघता येतं. जमीन विकत घेण्याआधी आपण बांधाबांधानं चालून ओल कुठं, खडक कुठं हे पाहतो ना, तसंच. ज्याला चालण्याचा कंटाळा, तो पहिल्याच वळणाला फसतो.

खरी गोम पुढंच आहे. संध्याकाळी गाड्या बंदिस्त आवारात ठेवतात, तिथं हात लावायची सोय नाही. दुरुस्तीला मोजकी मिनिटं मिळतात आणि काम स्वतः स्वारानंच करायचं. मेकॅनिक नुसता बघत उभा! टायरमध्ये ट्यूबऐवजी फोमचं कडं असतं. ते चढवताना भल्याभल्यांना घाम फुटतो, त्यात अंग दिवसभराचं आंबलेलं. आपल्या भागात पंपाचं इंजिन खोलून पुन्हा जोडणारे गडी गावोगाव आहेत, त्यांना ही अडचण चटकन कळेल. सांगाड्यावर खूण मारलेली असते, तो बदलता येत नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी जोरात आपटलात, तर ते दुखणं सहाही दिवस सोबत.

तरीही हे जमलेलं आहे. अमेरिकेच्या केंटकीतला रायन सिप्स मूळचा मोटोक्रॉस-सुपरक्रॉसचा गडी. 2015 साली स्लोव्हाकियातल्या कोशित्से इथं तो वैयक्तिक निकालात सगळ्यांत पहिला आला. शंभरावर वर्षांच्या या स्पर्धेत हा मान मिळवणारा तो पहिला अमेरिकन. त्याच वर्षी बंगळूरचा सी. एस. संतोष, तोही मोटोक्रॉसमधूनच आलेला, डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. डाकारची तऱ्हा वेगळी, तिथं वाटही स्वतःच शोधावी लागते. पण रोज उठून पुन्हा गाडीवर बसायचं, हे दोन्हीकडं सारखंच.

सहाव्या दिवशी गंमत होते. शेवटची कसोटी असते ती मोटोक्रॉसची, घोळक्यानं एकदम सुटायचं! तोवर गाडी आणि मनगटं शाबूत राहिली, तर हा गडी आपल्या घरच्या मैदानात आलेला असतो.