पिलूं सर्वांचें, पण पालक एक असावा

कार्तिक संपून मार्गशीर्षाची थंडी पडूं लागली कीं वऱ्हाडांतील गल्लोगल्लीं कुत्र्यांचीं पिलें दिसूं लागतात. आपल्याकडील गांवठी कुत्री बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस माजावर येते, सुमारें ६३ दिवस गर्भ वाहते आणि हिंवाळ्यांत पिलें घालते. त्यांपैकीं एखादें पिलूं शाळेंतून परतणाऱ्या मुलांच्या पाठोपाठ अमरावतीच्या वा अकोल्याच्या एखाद्या घरांत शिरतें आणि दोन दिवसांत घरचेंच होऊन बसतें. कोणी हौशी गृहस्थ पैसे मोजून परदेशी जातीचें पिलूं आणतात. जात कोणतीही असो, पुढचे प्रश्न तेच असतात. त्याला खावयास काय द्यावें, तें रात्रीं कां रडतें, दिसेल तें कां कुरतडतें, लस केव्हां टोंचावी, आणि मुलाला त्याचा दांत लागला तर काय करावें?

एकत्र कुटुंबांत अशा पिलाला मायेची वाण पडत नाहीं. आजी सकाळीं वाटीभर दूध ओततात, काकू भाकरीचा तुकडा टाकतात, मुलें बिस्किटें चारतात आणि रात्रीं पानावर उरलेलें अन्न आजोबा स्वतः नेऊन घालतात. आपण थोडेंसेंच दिलें असें प्रत्येकास वाटतें. पिलाच्या पोटांत मात्र तें सारें एकत्र होतें. उलट लस टोंचण्याची गोष्ट निघाली कीं ती दुसऱ्या कोणी केली असेल अशीही प्रत्येकाची समजूत असते. बारभाईच्या खेतींत जें होतें तेंच येथें होतें. म्हणून पिलूं घरांत ठेवावयाचें ठरल्यास कुटुंबांतील कर्त्या माणसानें पहिल्याच दिवशीं एकाची नेमणूक करावी. कॉलेजांत जाणारा मुलगा असो, घरांतील सून असो किंवा निवृत्त झालेले काका असोत. परंतु त्या व्यक्तीचा शब्द या बाबतींत वडीलधाऱ्यांनींही मानावा. हें काम दहा वर्षांच्या मुलावर सोंपवूं नये. घरांत कालनिर्णय टांगलेला असतो व त्यावर दुधाचा हिशेब लिहिला जातो. त्याच पानावर पिलाच्या लशींच्या व जंतांच्या औषधाच्या तारखा लिहून ठेवाव्या.

आईपाशीं आठ आठवडे

आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिलाला आईपासून तोडूं नये. आईचें दूध हें एक कारण आहेच. पण भावंडांशीं झोंबतांना किती जोरानें चावलें असतां दुसरें कळवळतें, हेंही तें तेथेंच शिकतें. गल्लींतील पिलाचा मुलांना लळा लागला असेल तर तोंपर्यंत त्याच्या आईला खाऊं घालावें. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतर १९६५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाचें मन सर्वांत ग्रहणशील असतें. या काळांत जीं माणसें व जे आवाज त्याच्या परिचयाचे होतात, त्यांचें भय त्याला पुढें सहसा वाटत नाहीं. काठी टेकीत चालणारे आजोबा, कुकरची शिटी, देवघरांतील घंटा, दाराशीं येणारा दूधवाला, हें सारें त्याला याच वयांत शांतपणें दाखवावें. मात्र लशी पुऱ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावरच्या मातींत सोडूं नये. हातांवर घेऊन फिरवावें.

लस आणि जंत

पहिल्या चार महिन्यांत पिलें दगावतात तीं बहुधा पार्व्हो व डिस्टेंपर या दोन रोगांनीं. पार्व्हो हा रोग पूर्वीं माहीत नव्हता. १९७८ च्या सुमारास तो जगभर पसरला. पिलूं एकाएकीं मलूल होतें, अन्नावरची वासना जाते, ओकाऱ्या सुरू होतात आणि मग रक्ताचे, अत्यंत दुर्गंधियुक्त जुलाब होऊं लागतात. अशा वेळीं अंगांत उष्णता झाली असेल म्हणून ताक पाजून दोन दिवस वाट पाहण्याची चाल आपल्याकडे आहे. त्या दोन दिवसांतच पिलाच्या अंगांतील पाणी आटून तें हातचें जातें. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे नेऊन शिरेवाटें सलाइन मिळाल्यास बरींच पिलें वांचतात.

लस एकदां टोंचली कीं झालें, हा समज खोटा आहे. जन्मल्यावर आईच्या पहिल्या दुधांतून पिलाला जी प्रतिकारशक्ति मिळते ती कांहीं आठवडे टिकते आणि तोंवर ती टोंचलेल्या लशीचाही प्रभाव पडूं देत नाहीं. ती नेमकी केव्हां ओसरेल हें प्रत्येक पिलाच्या बाबतींत निराळें असतें. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत पहिली लस देऊन, पुढें दर तीन-चार आठवड्यांनीं, वय सोळा आठवडे होईपर्यंत ती पुन्हां द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयांत टोंचतात, आणि वर्षानें या सर्वांची उजळणी होते. पूर्वींचें एखादें पिलूं घरांत पार्व्होनें गेलें असल्यास त्या जागीं महिनोन्‌महिने रोगबीज राहतें. नेहमींच्या फिनाइलवर विसंबूं नये. ३० भाग पाण्यांत १ भाग ब्लीच घालून फरशी धुवावी.

जंत हे पिलाला बहुधा आईकडूनच मिळतात. पोट नगाऱ्यासारखें आणि बरगड्या उघड्या दिसल्या कीं तें पिलूं खादाड आहे असें समजूं नये. त्याला जंत झालेले असतात. दोन आठवड्यांच्या वयापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्यास, पुढें सहा महिन्यांपर्यंत दरमहा, हें औषध वजनाच्या मानानें द्यावयाचें असतें. पिलाच्या विष्ठेंतील जंतांचीं अंडीं मातींतून मुलांच्या पोटांत जाऊं शकतात. यासाठीं अंगण रोज स्वच्छ करावें आणि जेवणापूर्वीं मुलांना साबणानें हात धुवावयास लावावें.

‘ढोरांचा डॉक्टर कुत्र्याचें काय जाणणार’ अशी शंका अजूनही ऐकूं येते. मुंबईस परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्यें निघालें, नागपुरास १९५८ मध्यें. आणि अकोल्यास तर महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था आहे. तेव्हां वऱ्हाडवासीयांना तरी या शंकेस जागा नाहीं.

आपल्या स्वयंपाकघरांतून काय द्यावें

शाकाहारी घरांत कुत्रें पोसावें कसें, हा प्रश्न अनेक गृहिणींना पडतो. कुत्रें लांडग्याच्या कुळांतलें खरें. परंतु हजारों वर्षें माणसाच्या सहवासांत राहून त्याचें पोट पालटलें आहे. पिष्टान्न पचविणारा रस ज्या जनुकामुळें तयार होतो त्याच्या प्रती लांडग्यापेक्षां कुत्र्यांत कितीतरी अधिक असतात, असें स्वीडनमधील संशोधकांनीं २०१३ मध्यें दाखविलें. त्यामुळें ज्वारीची भाकर वा भात त्याला पचतो. तथापि पचणें निराळें आणि पुरणें निराळें. वाढत्या पिलास प्रथिनें व चुना योग्य प्रमाणांत हवीं असतात, आणि नुसत्या दूधभाकरीनें हाडें कच्चीं राहून पाय वांकतात. मऊ भातांत फोडणी न दिलेलें घट्ट वरण, दही, घरचें पनीर हें नेमानें असावें; घरांत चालत असल्यास उकडलेलें अंडें उत्तम. तरीही केवळ घरच्या अन्नावर पिलूं वाढवावयाचें तर त्यांत काय कमी पडतें तें डॉक्टरांना विचारून भरून काढावें. तें जमणें कठीण वाटल्यास वाढत्या पिलांसाठीं परिपूर्ण म्हणून विकलें जाणारें तयार खाद्य द्यावें. मग त्यावर चुन्याचीं औषधें मनानें देऊं नयेत, कारण मोठ्या जातींच्या पिलांची हाडें त्यानेंच बिघडतात. गाईम्हशीचें दूध पुष्कळ पिलांना सोसत नाहीं व ढाळ लागतात. तीन महिन्यांपर्यंत दिवसांतून चार वेळां, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां आणि पुढें दोन वेळां, ठराविक भांड्यांत व ठराविक वेळीं खाणें द्यावें. पाणी मात्र सदैव भरलेलें असावें.

कांदा व लसूण, कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतो. आपल्याकडे चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य असतो. पिलाचा चातुर्मास बाराही महिने असावा. द्राक्षें व बेदाणे यांनीं कित्येक कुत्र्यांचीं मूत्रपिंडें निकामी होतात, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. सत्यनारायणाच्या प्रसादाचा बेदाणे घातलेला शिरा मोठ्या भक्तिभावानें पिलाला भरविला जातो. तो त्याला देऊं नये. चॉकलेटही विषवत् आहे. माणसांच्या तापाच्या व दुखण्याच्या गोळ्या तर आपल्या बुद्धीनें कधींच देऊं नयेत. वैश्वदेवांत श्याम व शबल या यमाच्या श्वानांच्या नांवें अन्न काढून ठेवण्याची चाल आपल्या घरांतून होती. तो साधा भात असे, चमचमीत उष्टें नसे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

वळण कसें लावावें

पहिल्या दोन-चार रात्रीं पिलूं रडतें तें हट्टानें नव्हे. कालपर्यंत भावंडांच्या उबेंत निजणाऱ्या जीवाला एकटेपण सोसत नाहीं. त्याला परसांत कोंडण्यापेक्षां पालकाच्या अंथरुणाजवळ खोक्यांत जुनें लुगडें घालून निजवावें. झोंपून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळ संपल्यावर लगेच त्याला अंगणांतील एकाच जागीं न्यावें; तेथें विधि उरकतांच त्याच क्षणीं शाबासकी द्यावी. घरांत चूक झाली म्हणून त्यांत नाक घासण्यानें तें कांहीं शिकत नाहीं. फक्त माणसाला भ्यावयास शिकतें आणि पुढें कोपऱ्यांत लपून तोच उद्योग करतें.

चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत पिलाचे २८ दुधाचे दांत पडून ४२ कायमचे दांत येतात. त्या काळांत वहाणा, पाटाचे कोपरे, धोतराचे सोगे कांहींच सुटत नाहीं. त्याला चघळावयास गांठी मारलेला जाड दोर द्यावा. हाताला दांत लावल्यास खेळ तेथेंच थांबवून पाठ फिरवावी. यांत मात्र घरानें एकमत राखलें पाहिजे. सोफ्यावर चढल्याबद्दल काका रागावतात आणि तेथेंच चढवून मुलें त्याला कुरवाळतात, असें झालें तर पिलाला नियमच कळत नाहीं. समोर कोण आहे तेवढें कळतें. ‘बस’, ‘नको’, ‘ये’ हे शब्दसुद्धां सर्वांनीं एकच वापरावे.

वैशाख आणि गोचीड

हिंवाळ्यांत जन्मलेल्या पिलाचा पहिला उन्हाळा येतो तो पांच-सहा महिन्यांच्या वयांत. वऱ्हाडच्या उन्हाविषयीं वऱ्हाडवासीयांना काय सांगावें? २०२४ च्या मे महिन्यांत उष्णतेच्या लाटेमुळें अकोला जिल्ह्यांत १४४ कलम लावून कामाच्या व शिकवण्यांच्या वेळांवर निर्बंध घालावे लागले होते. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. धापा टाकूनच तें अंगांतील उष्णता बाहेर टाकतें. म्हणून सूर्योदयापूर्वीं व दिवे लागल्यानंतरच त्याला बाहेर न्यावें. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पालथी बाजू पांच-सात क्षण टेकवत नसेल, तर तो रस्ता त्याच्या पायांसही सोसणार नाहीं. दुपारीं कूलरच्या खोलींत वा ओल्या फरशीवर त्याची जागा असावी. उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारींत त्याला क्षणभरही ठेवूं नये. धाप न थांबणें, तोंडाला चिकट लाळ येणें, झोंकांड्या जाणें हीं उष्माघाताचीं चिन्हें होत. लगेच सावलींत नेऊन अंगावर गार पाणी शिंपडीत, पंख्याचा वारा घालीत दवाखान्यांत न्यावें.

गोचीड ही नुसती किळस येण्याची बाब नाहीं. तिच्या चाव्यांतून रक्ताचे रोग होतात: ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधीं नाकांतून रक्त येतें. कानांच्या आंत, मानेखालीं व बोटांच्या बेचक्यांत रोज तपासावें. ती भिंतींच्या फटींत अंडीं घालते, म्हणून फटी बुजवाव्या. गोठ्यासाठीं आणलेलें औषध मात्र पिलावर ओतूं नये. जनावराला झेपणारी मात्रा त्याचा प्राण घेऊं शकते.

चावा लागल्यास

हा भाग घरांतील प्रत्येकानें वाचावा. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या दर १०० प्रसंगांपैकीं ९९ पर्यंत प्रसंगीं कारण कुत्रें असतें, आणि ज्यांना संशयित जनावर चावतें त्यांत शेंकडा ४० पंधरा वर्षांखालील मुलें असतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदां लक्षणें उमटलीं कीं या रोगांतून वांचणें जवळजवळ अशक्य. परंतु वेळेवर उपचार केल्यास तो टळतो. लुई पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस देऊन तें सिद्ध केलें, आणि १९०० मध्यें आपल्या देशांत कसौली येथें पाश्चर संस्था निघाली. पोटांत घेण्याच्या चौदा सुयांची धास्ती वडील मंडळींच्या मनांत अजून आहे. त्या लशीचा काळ या शतकाच्या आरंभीं संपला. आतां दंडांत वा कातडींत थोड्याच सुया ठराविक दिवशीं घ्याव्या लागतात.

पिलाचा दांत लागून रक्त आलें, किंवा नुसता ओरखडा उठला, तरी ती जागा वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, तिखट, चुना यांपैकीं कांहींही भरूं नये. नंतर त्याच दिवशीं रुग्णालयांत जावें. पिलूं लहान आहे, घरचें आहे, ही सबब नव्हे. लस न टोंचलेल्या पिलालाही रेबीज होतो. आणि मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी: कोणाचा दांत लागला तर लगेच घरीं सांगा, कोणी रागावणार नाहीं. रागाच्या भयानें लपविलेल्या चाव्यानें मुलें गेल्याचीं उदाहरणें डॉक्टरांच्या अनुभवांत आहेत.

पिलूं सहा महिन्यांचें झालें कीं नसबंदीचा विचार डॉक्टरांशीं करावा. नाहीं तर पुढच्या हिंवाळ्यांत आपल्याच दारीं पिलें होतात आणि त्यांना वाटेकरी मिळत नाहींत. एवढें सारें वाचून ज्या घरीं पिलूं आधींच आलेलें असेल, त्यांनीं आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर एकच काम करावें. त्याची पुढची लस कोणत्या तारखेस आहे, असें सर्वांदेखत विचारावें. ज्याला उत्तर देतां येईल तोच त्याचा पालक. कोणालाच देतां आलें नाहीं, तर पालकाची नेमणूक तेथेंच करावी आणि उद्यां सकाळीं दवाखाना गांठावा.