खल्दून घराण्याची वंशावळ आणि इतिहासाची कसोटी

‘इब्न खल्दून’ हे व्यक्तिनाम नसून कुलनाम आहे. ‘मुकद्दिमा’ या ग्रंथाचा कर्ता अब्दुर्रहमान (१३३२–१४०६) हा ट्यूनिसमध्ये जन्मला. त्याचे घराणे आपले मूळ दक्षिण अरबस्तानातील हद्रमौत प्रांतात असल्याचे सांगे. स्पेनमधील सेव्हिल नगरीत या घराण्याने सत्ता व विद्या दोन्ही भोगल्या. १२४८ मध्ये ते नगर कॅस्टिलच्या राजाने जिंकले. त्यापूर्वीच हे घराणे उत्तर आफ्रिकेत येऊन अखेर ट्यूनिस येथे स्थिरावले. अब्दुर्रहमानाच्या पित्याने राजसेवा सोडून अध्ययनाचा मार्ग पत्करला. धाकटा भाऊ यह्या हाही इतिहासकार असून त्याने त्लेमसेनच्या राजवंशाचा इतिहास लिहिला.

१३७७ मध्ये सिद्ध झालेल्या ‘मुकद्दिमा’त इब्न खल्दूनने इतिहासलेखकांवर मुख्य आक्षेप घेतला तो हा, की ते ऐकीव वृत्त संभाव्यतेच्या कसोटीवर घासून पाहत नाहीत. मूसाच्या सैन्यात सहा लाखांहून अधिक योद्धे होते, ही परंपरागत संख्या त्याने नाकारली. याकूब व मूसा यांच्यामध्ये अवघ्या चार पिढ्या मोजल्या जातात. तेवढ्या अवधीत एका कुळाचा असा विस्तार होणे शक्य नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे.

लक्षणीय गोष्ट ही, की आत्मचरित्रात हेच पिढ्यांचे माप त्याने स्वतःच्या कुळास लावले. आपल्यापासून मूळ पुरुष खल्दूनपर्यंत त्यास दहाच पूर्वजांची नावे ठाऊक होती. खल्दून हा स्पेनच्या विजयकाळी (इ. स. ७११) तेथे आला असे मानल्यास मध्ये सुमारे सातशे वर्षे जातात, शतकास तीन पिढ्या धरल्या तर पूर्वज वीसच्या आसपास हवेत. तेव्हा जवळजवळ निम्मी नावे गळाली असावीत, असे तो स्पष्ट नमूद करतो.

येथे अभ्यासकाने थोडे थांबावे. याच गणितातून दुसरेही अनुमान निघू शकते: नावे गळाली नसून खल्दूनच स्पेनमध्ये बराच नंतर आला असेल. इब्न खल्दूनने कुळाच्या प्राचीनत्वास बाध न आणणारा पर्याय स्वीकारला आणि ‘हद्रमी’ हे उपपद कायम राखले. कसोटी त्याने स्वकीयांसही लावली, परंतु निर्णय मात्र सौम्य दिला. म्हणून वंशावळीचे वाचन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे ठरते: पिढ्यांची संख्या काय सिद्ध करते आणि वंशजास काय सिद्ध व्हावेसे वाटते.