मिठाचं कोडं आणि रसाळ टर्की

बालमित्रांनो, काकडीची कोशिंबीर करताना कधी जवळ उभं राहून पाहिलंय का? काकडी चोचवली, मीठ घातलं, आणि पाच-दहा मिनिटं गेली की वाडग्याच्या तळाशी पाण्याचं तळं! म्हणून तर आजी सांगते, "मीठ अगदी पानं वाढायच्या वेळी घाला गं." मीठ पाणी ओढून काढतं, हे आपण स्वयंपाकघरातच शिकतो. त्यासाठी विज्ञानाच्या पुस्तकाची वाट पाहावी लागत नाही.

आता ही दुसरी गोष्ट ऐका. अमेरिकेत सणाच्या दिवशी टर्की नावाचा भलामोठा पक्षी अख्खाच्या अख्खा भाजतात. भाजताना तो कोरडा पडू नये, आतून ओला नि रसाळ राहावा म्हणून काय करतात, सांगा पाहू? आदल्या दिवशी त्याला मीठ लावून ठेवतात!

आहे की नाही गंमत? काकडीतलं पाणी बाहेर काढणारं मीठ टर्कीतलं पाणी आत धरून ठेवतं. हे कोडं आज आपण सोडवायचं आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी मांसाहार चालत नसेल. त्यांनी हा लेख विज्ञानाचा धडा म्हणून वाचावा. परीक्षा नाही, घाबरू नका!

आधी सणाविषयी थोडंसं. या सणाचं नाव थँक्सगिव्हिंग. वर्षभर जे मिळालं, पिकलं, त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची आणि सगळ्या घराने एकत्र जेवायचं. छोट्या कोकराची ती इंग्रजी बालकविता तुम्ही बालवाडीत म्हटली असेल ना? ती लिहिणाऱ्या साराह हेल यांनी हा सण देशभर एकाच दिवशी व्हावा म्हणून वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, लेख लिहिले. शेवटी १८६३ मध्ये अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी तशी घोषणा केली. १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरला, तो आजतागायत आहे. नाताळातही अनेक देशांत टर्की भाजतात. आपल्या गोव्यातही काही ख्रिस्ती घरांत नाताळला टर्की असते.

गोवा म्हटल्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. टर्की मूळची मेक्सिको आणि उत्तर अमेरिकेकडची. युरोपच्या दर्यावर्दी लोकांबरोबर ती जगभर फिरली आणि पोर्तुगीजांच्या गोव्यात पोचली. १६१२ साली मुकर्रब खान नावाच्या सरदाराने गोव्याहून काही अद्भुत प्राणी-पक्षी बादशहा जहांगीरकडे नेले, त्यात एक टर्कीही होती. बादशहा खूश! लांडोरीहून मोठा, मोरापेक्षा लहान, आणि डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे बदलणारा पक्षी, असं वर्णन त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

नावाची तऱ्हा तर विचारूच नका. इंग्रज तिला 'टर्की' म्हणतात, म्हणजे तुर्कस्तान. तुर्की लोक म्हणतात 'हिंदी'! फ्रेंच भाषेतल्या नावाचा अर्थही 'हिंदुस्थानची' असाच. आणि पोर्तुगीज भाषेत ती 'पेरू'. आपल्या बाजारातल्या पेरूशी गल्लत नको हं! बिचारी मूळची मेक्सिकोकडची, आणि या सगळ्यांनी तिला भलत्याच देशांची नावं देऊन ठेवली.

असो. वळू या स्वयंपाकघराकडे.

आपल्याकडची कोंबडी दीड-दोन किलोची. टर्की पाच, सहा, कधी आठ किलोचीही असते. वर्षातून एकदा करायचा पदार्थ, घरात पंधरा पाहुणे, आणि पक्षी एकच. कच्चा राहिला तर पाहुणे आजारी पडतील, जास्त भाजला तर कोणी खाणार नाही. घरच्या बाईची (आणि हल्ली पुष्कळ घरांत बाप्याचीही) काय घालमेल होत असेल! माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिथल्या पहिल्याच वर्षी तिने हौसेने टर्की केली आणि नंतर फोनवर सांगितलं, "तंगडी छान झाली गं, पण छातीचा तुकडा म्हणजे अगदी खादीचा रुमाल!"

तंगडी छान आणि छाती कोरडी. पक्षी एक, ओव्हन एक, वेळही तेवढाच. मग असं का व्हावं?

याचं उत्तर पक्ष्याच्या सवयींत आहे. रानटर्की दिवसभर पायांनी हिंडते, दाणे, किडे, कवचाची फळं टिपते. संकट आलं किंवा रात्री झाडावर चढायचं असलं, तरच थोडंसं उडते. म्हणजे पायांना दिवसभर काम आणि छातीच्या, म्हणजे उडण्याच्या स्नायूंना कधीतरीच. दिवसभर काम करणाऱ्या स्नायूला प्राणवायूचा साठा लागतो. तो साठवणाऱ्या तांबड्या द्रव्याचं नाव मायोग्लोबिन. म्हणून पायाचं मांस गडद आणि छातीचं पांढुरकं. शिवाय पायांत कोलॅजेन नावाचं चिवट द्रव्य पुष्कळ असतं. ते स्नायूंना दोरीसारखं बांधून ठेवतं. पाळीव टर्कीची छाती तर माणसाने निवडून निवडून एवढी मोठी केलीय, की त्यातल्या बहुतेकींना उडताच येत नाही.

आता मांस तापवलं की काय होतं? मांसात जवळजवळ पाऊण वाटा पाणी असतं, आणि ते प्रथिनांच्या बारीक धाग्यांमध्ये अडकलेलं असतं. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास हे धागे घट्ट व्हायला लागतात. साठी ओलांडली की आकसतात. सत्तरीच्या पुढे तर ओलं फडकं पिळावं तसे पिळले जातात आणि पाणी बाहेर! छातीच्या मांसाचं नेमकं हेच होतं. पायाची गोष्ट उलटी. त्यातलं चिवट कोलॅजेन विरघळून मऊ जिलेटिन व्हायला सत्तरीच्या वरचं तापमान लागतं आणि वेळही लागतो. पाय ऐंशीपर्यंत गेला तर अधिकच छान लागतो. थोडक्यात, पाय म्हणतो, "अजून भाजा," आणि छाती म्हणते, "पुरे की आता!" दोघे एकाच अंगाला जोडलेले. भांडण मिटायचं कसं?

इथे मीठ मदतीला येतं.

मीठ चोळल्यावर पहिल्या तासाभरात टर्कीलाही काकडीसारखंच पाणी सुटतं. वरून पाहणाऱ्याला वाटेल, झालं, कोरडी पडली! पण घाई करायची नाही. सुटलेल्या पाण्यात मीठ विरघळतं, आणि हे खारं पाणी हळूहळू परत मांसात शिरतं. एका रात्रीत ते बरंच आत मुरतं. आत गेलेलं मीठ प्रथिनांचे काही धागे विरघळवतं, काही सैल करतं. सैल धागे तापले तरी पूर्वीसारखे घट्ट पिळले जात नाहीत, त्यामुळे पाणी आत टिकतं. काकडीत असे प्रथिनांचे धागे नसतात आणि तिच्या पेशींतून गेलेलं पाणी परत येत नाही. म्हणजे मीठ तेच, पण समोर कोण आहे यावर सगळं अवलंबून. सुटलं ना कोडं? आपल्याकडेही कोंबडीला मीठ, हळद, दही लावून मुरत ठेवतात. त्या मुरण्यात मिठाचा वाटा केवढा मोठा असतो, हे आता तुमच्या लक्षात येईल.

प्रमाण विचाराल तर किलोमागे साधारण एक लहान चमचा मीठ, आतून-बाहेरून चोळायचं आणि टर्की एक-दोन दिवस फ्रीजमध्ये उघडीच ठेवायची. उघडी अशासाठी, की कातडी वाळते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते. काही जण लिटरला ५०-६० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात अख्खा पक्षी रात्रभर बुडवून ठेवतात. तेही चालतं. पण तेवढं मोठं पातेलं फ्रीजमध्ये मावायला हवं ना! मला विचाराल तर चोळलेलं मीठच बरं. मात्र दुकानातल्या काही टर्कींत आधीच खारं पाणी भरलेलं असतं. पाकिटावर तसं लिहिलं असेल तर पुन्हा मीठ लावू नये, नाहीतर समुद्रच खाल्ल्यासारखं होईल.

मिठाच्याही आधीची एक पायरी राहिलीच. टर्की बहुतेक वेळा दगडासारखी गोठलेली मिळते. ती ओट्यावर ठेवून वितळवायची नाही. बाहेरचा भाग तासन् तास कोमट राहतो आणि तिथे जंतू भराभर वाढतात. फ्रीजमध्येच ठेवायची, दर दोन किलोंना एक दिवस या हिशेबाने. सहा किलोच्या टर्कीला किती दिवस? बरोबर, तीन. त्रैराशिक उपयोगी पडतं बघा! आणि कच्चा पक्षी नळाखाली धुऊ नये, असं अमेरिकेचं शेती खातं सांगतं, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात. हात मात्र साबणाने स्वच्छ धुवायचे.

मग ओव्हन. साधारण १६५ अंशांवर सहा किलोच्या टर्कीला तीन ते पावणेचार तास लागतात. पण घड्याळावर विसंबू नका. प्रत्येक पक्षी वेगळा, प्रत्येक ओव्हन वेगळा. खरा दोस्त म्हणजे टोकदार दांडीचा स्वयंपाकाचा थर्मामीटर. तो छातीच्या सर्वांत जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूला खुपसायचा, हाडाला टेकू द्यायचा नाही. दोन्हीकडे ७४ अंश दिसले की जंतू मेले, टर्की खायला सुरक्षित झाली. ७४ म्हणजे ७४, ८४ नव्हे! काही टर्कींत आधीच एक प्लॅस्टिकची खुंटी बसवलेली असते. आतला मऊ धातू वितळला की ती टुणकन वर येते. युक्ती मजेदार आहे, पण बहुतेक खुंट्या ८० च्याही पुढे उडतात. तोवर छातीचा रुमाल झालेला!

पाय-छातीच्या भांडणावर लोकांनी आणखीही उपाय शोधलेत. पाठीचा कणा कात्रीने कापून पक्षी पुस्तकासारखा उघडून सपाट भाजला, तर पायांना उष्णता चांगली मिळते आणि वेळही कमी लागतो. स्वयंपाकाच्या विज्ञानावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅकगी यांची युक्ती तर मला फारच आवडली. ओव्हनमध्ये घालण्याआधी टर्कीच्या छातीवर बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या! छाती थंड राहते, पायांचा गारवा थोडा कमी होतो. मग पाय शर्यतीत आधीच पुढे असतात, आणि दोघे आपापल्या मुक्कामाला बरोबर पोचतात. टर्कीच्या पोटात पावाचं सारण भरायचीही रीत आहे. पण पोटातलं ते सारण ७४ अंशांवर येईपर्यंत छाती वाळून जाते, म्हणून ते वेगळ्या भांड्यात भाजलेलं बरं. आणि दर अर्ध्या तासाने दार उघडून चमच्याने वरून रस ओतणं? रस आत शिरत नाही, कातडी ओली होते, ओव्हन मात्र गार पडतो.

इतकं करूनही ऐनवेळी घोटाळे होतातच. म्हणून बटरबॉल या टर्की विकणाऱ्या कंपनीने १९८१ साली एक फोनसेवा सुरू केली. सहा गृहशास्त्र शिकलेल्या स्त्रिया फोनपाशी बसल्या आणि त्या पहिल्याच मोसमात त्यांना ११ हजार फोन आले! ती सेवा अजूनही चालू आहे.

टर्की बाहेर काढली की सगळे सुऱ्या परजून तयार असतात. पण अर्धा तास थांबायचं. गरमागरम कापली तर रस ताटात वाहून जातो. जरा निवली की तो दाटसर होतो आणि मांसातच राहतो. कापतानाही छातीचा भाग अख्खा सोडवून, धाग्यांना आडवा छेद द्यायचा. धागे आखूड झाले की घास मऊ लागतो.

हाडं टाकून द्यायची नाहीत बरं का. ती पाण्यात मंद आचेवर तीन-चार तास उकळली, गाळून रस्सा फ्रीजमध्ये ठेवला, की दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं हलवून बघायचं. आतला रस्सा जेलीसारखा थरथरत असतो! दोरीसारखं चिवट ते कोलॅजेन आता जिलेटिन होऊन भांड्यात उतरलेलं असतं.