'इंडियन ब्लँकेट' आणि आमची गोधडी

एप्रिल उजाडला की आम्ही अर्विंगकर मंडळी सालाबादप्रमाणे एनिसला जातो. तासाभराचा रस्ता. ब्लूबॉनेटच्या निळ्या गालिच्यात मुलांना बसवायचं, फोटो काढायचे, पुरी-भाजी खायची आणि परत यायचं. असा फोटो नसलेला अल्बम टेक्सासमधल्या मराठी घरात सापडणं कठीण! पण ती फुलं आम्ही खऱ्या अर्थाने पाहिली ती मात्र गेल्या वर्षी, गोधडी शिवायला बसलो तेव्हा.

त्याचं असं झालं. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. आम्ही सगळ्याच त्यांना काकू म्हणतो. बॅगेत लोणचं-मेतकूट होतंच, पण तळाशी चार जुनी सुती लुगडीही होती. नातीला वाकळ शिवून द्यायची होती. नात सोळा वर्षांची. ती म्हणाली, "आजी, पण त्यावर इथली फुलं हवीत." काकू जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "फुलं इथली, तर रंगबी इथलाच घ्या की!"

झालं! दर शनिवारी आम्ही पाचजणी जमू लागलो.

रंगासाठी आम्ही कोरिऑप्सिस निवडलं. पिवळ्या पाकळ्या, मध्ये तांबडा डाग; मे महिन्यात इथल्या रस्त्यांच्या कडेला भरपूर दिसतं. त्याच्या शास्त्रीय नावातच 'टिंक्टोरिया', म्हणजे रंगाऱ्यांच्या कामाचं, असा शब्द आहे. आमच्या एका परसात ते पेरलेलंच होतं, त्यामुळे कुठून तोडायचं हा प्रश्न नव्हता. (ब्लूबॉनेट तोडलं तर पोलीस पकडतात, असं आम्ही वीस वर्षं मुलांना सांगत आलो. तसा कायदाच नाही म्हणे! स्टेट पार्कात मात्र तोडता येत नाही.)

पहिला प्रयोग फसला. कापडात पॉलिएस्टर होतं. रंग धरलाच नाही, सगळा सिंकमधून वाहून गेला. मग काकूंचं फिकट सुती लुगडं घेतलं. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यात. हिरडापूड इंडियन ग्रोसरीत मिळाली, तुरटी अमेरिकन दुकानात, लोणच्याच्या मसाल्यांशेजारी! फुलं उकळून त्यात कापड टाकलं तर छान पिवळं-केशरी झालं. चिमूटभर धुण्याचा सोडा टाकल्याबरोबर तांबूस. काकूंना गावाकडचा पळसाचा रंग आठवला.

निळा मात्र येईना. ब्लूबॉनेट उकळून हवा तो निळा मिळत नाही, हे त्या शनिवारी कळलं. तेव्हा आमच्यातल्या एकीने आपल्या गेलेल्या आईचं निळं इरकली लुगडं आणलं. आठ वर्षं ते बॅगेत होतं. तिने कात्री दोनदा हातात घेतली, दोनदा खाली ठेवली. कोणी काही बोललं नाही. शेवटी काकूंनी पदर वेगळा काढून घडी घालून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यो तुझा. आता बाकीचं काप." त्या दिवशी चहा तसाच गार झाला.

त्या निळ्याच्या पाकळ्या कापताना फूल जवळून पाहावं लागलं. ब्लूबॉनेटच्या तुऱ्यात खालची फुलं आधी उमलतात. ताज्या पाकळीवर पांढरा ठिपका असतो, फूल जुनं झालं की तो तांबडा होतो आणि मधमाशा तिकडे फिरकत नाहीत. म्हणून आमच्या तुऱ्यांत वर पांढरे टाके आहेत, खाली लाल.

खरी गंमत पुढेच आहे. लाल पाकळ्या, पिवळी टोकं असं एक फूल इथे जिकडेतिकडे उगवतं. त्याचं नाव 'इंडियन ब्लँकेट'. इथल्या मूळ रहिवाशांच्या विणलेल्या ब्लँकेटांची आठवण व्हावी असे त्याचे रंग. मुलांनी आमच्या गोधडीला लगेच तेच नाव ठेवलं. काकूंनी फूल हातात घेतलं आणि म्हणाल्या, "हा तर गलांडा!" दसऱ्याच्या हारातला, बाजारात झेंडू-शेवंतीशेजारी ढीग लागतो तो! आम्ही त्यांना म्हटलं, अहो काकू, तो मूळचा इकडचाच, तुमच्याकडे नंतर आला. त्यांना पटलं नाही. "आमच्या वावरात माझ्या सासूच्या वेळेपासनं हाय," एवढंच म्हणाल्या. आता ह्यावर कोण काय बोलणार!

काकूंची पद्धत कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने आत येत जाण्याची. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकाही अशीच कडेपासून गोधडी शिवतात. त्यांच्या कवंदीला चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची फुलं लावतात. ती नसली तर गोधडी उघडी समजतात. आम्हांला ही कल्पना फार आवडली. तीन कोपऱ्यांवर गलांड्याच्या रंगाची फुलं लागली आणि जूनअखेर आली. विमानतळावर जायच्या सकाळीसुद्धा काकू सुई घेऊन बसल्या होत्या.

चौथा कोपरा अजून रिकामाच आहे. "मी आल्याबिगर लावू नका," असं त्यांनी फोनवर बजावलंय. नात ती गोधडी कॉलेजला घेऊन जाणार म्हणते, पण तूर्त ती अर्विंगमध्येच आहे. पाहायची असेल तर कुठल्याही शनिवारी या. आणि परसात कोरिऑप्सिस पेरायचं असेल तर दसऱ्याच्या सुमारास पेरा. मूठभर बी आमच्याकडून घेऊन जा.