साथ, ऑटोइम्यून आजार आणि नोकरी: कामावर जायचे का, हे कसे ठरवावे?

कोविडच्या टाळेबंदीतून बाहेर पडताना केंद्र सरकारच्या सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि सहव्याधी असलेल्यांनी घरीच राहावे, असे सांगितले होते. आमवात, ल्युपस, सोरायसिस असे ऑटोइम्यून आजार असलेल्या नोकरदारांना मात्र त्या एका ओळीतून उत्तर मिळाले नाही. आपण सहव्याधीवाले की नाही? रजा संपल्यावर काय? अशा साथी पुढेही येतील. म्हणून हा निर्णय कसा घ्यायचा, ते पायरीपायरीने बघू.

सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डोंबिवलीला राहणाऱ्या, दादरच्या बँकेत कॅशियर असलेल्या ४२ वर्षांच्या बाई. त्यांना आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे. बँक अत्यावश्यक सेवेत मोडते, त्यामुळे शाखा उघडीच.

आजाराच्या नावावर थांबू नका

ऑटोइम्यून आजारात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. पण या गटातल्या सगळ्यांचा धोका सारखा नसतो. हाशिमोटोचा थायरॉइड विकार ऑटोइम्यूनच आहे. मात्र त्यावरची थायरॉक्सिनची गोळी प्रतिकारशक्ती दाबत नाही आणि तेवढ्याने कोविडचा धोका फारसा वाढत नाही. ल्युपसने मूत्रपिंडाला सूज आली आहे आणि स्टेरॉइडचा मोठा डोस चालू आहे, अशा रुग्णाची गोष्ट अगदी वेगळी.

म्हणून पहिले दोन प्रश्न असे: औषध कोणते आणि किती? आजार आटोक्यात आहे का?

२०२० मध्ये ४० देशांतल्या ६०० संधिवात-रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दिवसाला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांना कोविडमध्ये रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता जवळपास दुप्पट दिसली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने धोका वाढलाही नाही आणि घटलाही नाही. सलाइनवाटे दिले जाणारे रिटुक्सिमॅब प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींचा साठाच कित्येक महिने रिकामा करते. त्यामुळे ते घेणाऱ्यांना आजार गंभीर होण्याचा धोका जास्त असतो आणि लसही कमी लागू पडते. याच्या जोडीला वय, मधुमेह, लठ्ठपणा, फुप्फुसांचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास हे धरायचे. आपल्या कॅशियरबाईंचा डोस लहान आहे आणि सांध्यांना सूज नाही. म्हणजे धोका आहे, पण वरच्या टोकाचा नाही.

भीतीने गोळ्या बंद करू नका

"प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी साथीत कशाला?" असे म्हणून कुणी परस्पर औषध थांबवते. ही आगीतून फुफाट्यात जाण्याची वाट आहे. औषध थांबले की आजार उसळतो, आणि उसळलेला आजार दाबायला जास्त स्टेरॉइड लागते. ज्या डोसाची भीती होती, नेमक्या त्याच डोसावर रुग्ण जाऊन पोहोचतो. शिवाय बरेच दिवस चालू असलेले स्टेरॉइड एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते. संसर्ग झाल्यावर कोणती औषधे काही दिवस थांबवायची आणि कोणती चालूच ठेवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

औषधाचा साठाही बघा. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने आरोग्यसेवकांना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवले आणि त्याची मागणी एकदम वाढली. ल्युपस आणि आमवाताचे रुग्ण मात्र नेहमीच्या गोळ्यांसाठी दुकाने पालथी घालत राहिले. कोविडच्या उपचारात त्या औषधाचा उपयोग नाही, हे जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दिसले. महिन्याभराच्या गोळ्या जास्तीच्या घरात असाव्यात.

'इम्युनिटी बूस्टर'पासूनही जपावे. मुळात चिथावलेल्या प्रतिकारशक्तीला आणखी चिथावणे हा यावरचा उपाय नव्हे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला ती मान्य झाली नाही. तरी यकृतावर ताण आणणारे मेथोट्रेक्सेट चालू असताना काढा घ्यायचा तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

कामाच्या जागेची हवा तपासा

कोविडचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. बोलताना, श्वास सोडताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीत अगरबत्तीच्या धुरासारखे साचत जातात. म्हणून 'किती माणसे भेटतात' एवढेच विचारून भागत नाही. किती वेळ, कुठल्या हवेत, हेही विचारावे लागते.

शाखेत उभे राहून वर बघा. भिंतीवर स्प्लिट एसी आहे आणि खिडक्या बंद आहेत? तो एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा सोडतो, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. काउंटरवरची काच समोरून उडणारे थेंब अडवते. काचेला वळसा घालून येणारी हवा तिला अडवता येत नाही. कार्बन डायऑक्साइड मोजायचे छोटे यंत्र मिळाले तर अंदाज पक्का होतो. मोकळ्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या आसपास असतो. खोलीत तो ८००च्या आत असेल तर हवा खेळती आहे. १,५००च्या वर गेला, तर आपण एकमेकांचा उच्छ्वासच पुन्हा आत घेत आहोत. समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि एक एक्झॉस्ट पंखा यांनीही बराच फरक पडतो.

एन-९५ मास्क चेहऱ्याला कडेने घट्ट बसला तरच उपयोगाचा. पण दिवसभर तो नीट लावून ठेवला, तरी डबा खाताना काढावा लागतोच. म्हणून जेवण एकटीने, खिडकीशी किंवा गच्चीवर.

प्रवास वेगळा मोजा. डोंबिवली ते दादर हा तासाभराचा प्रवास गर्दीच्या वेळी लोकलने केला, तर काउंटरवरच्या दिवसापेक्षा तोच महाग पडू शकतो. घरही हिशेबात धरा. नवरा रिक्षा चालवत असेल आणि घर दोन खोल्यांचे असेल, तर बाईंनी नोकरी सोडूनही धोका शून्यावर येत नाही.

मागणी नेमकी आणि लेखी करा

"मला आजार आहे, सूट द्या" असा अर्ज साहेबांना अडचणीत टाकतो. काय हवे ते नेमके सांगितले तर होकार देणे सोपे जाते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत साधारण एवढे असावे: "यांना दीर्घकालीन आजारासाठी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत. पुढील आठ आठवडे गर्दीच्या काउंटरऐवजी खेळत्या हवेच्या जागी काम आणि गर्दीची वेळ टाळून हजेरी द्यावी. त्यानंतर पुन्हा तपासणी." आजाराचे नाव लिहायलाच हवे असे नाही. मुदत मात्र हवीच. मुदत असली की ती कायमची सवलत वाटत नाही.

कर्जाच्या फायली, फोनवरची कामे, हिशेबाची जुळवणी अशी कामे बँकेत असतात. ती आलटूनपालटून वाटता येतात.

पैशाचा हिशेब उघडपणे मांडा

पगार थांबला की औषधेही थांबू शकतात, आणि तो धोकाही खराच आहे. रजा किती शिल्लक आहे ते बघा. ईएसआयसीचे सभासद असाल, तर पात्रतेच्या अटी पूर्ण केल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. मार्च २०२० मध्ये सरकारने पीएफमधून तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतली कमी रक्कम काढायची मुभा दिली होती. हातावर पोट असलेल्यांना यातले काहीच नसते. त्यांच्यासाठी मास्क, मोकळी हवा आणि लस हाच मुख्य आधार.

लस आली की वेळ साधा

१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना लस मिळू लागली. त्या यादीत दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारेही होते. वेळ साधण्यालाही महत्त्व आहे. ब्रिटनमधल्या एका चाचणीत बूस्टरनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलेल्यांत प्रतिपिंडे साधारण दुप्पट आढळली. रिटुक्सिमॅबच्या बाबतीत पुढचा डोस आणि लस यांची सांगड डॉक्टरांनी घालून द्यावी लागते.

निर्णयाला तारीख घाला

आता सगळे एकत्र ठेवा. कॅशियरबाईंसाठी रास्त उत्तर असे निघते: लाट ओसरलेली असताना कामावर जायचे, पण काउंटर सोडून, खिडकीजवळ, गर्दीआधीची लोकल पकडून. लाट चढू लागली, स्टेरॉइड १० मिलिग्रॅमवर गेले किंवा सांधे सुजले, तर घरून काम किंवा रजा. या अटी शांतपणे विचार करता येतो तेव्हाच कागदावर लिहाव्यात आणि दर पंधरा दिवसांनी वाचाव्यात.

असा निर्णय घेणाऱ्याला भित्रे किंवा बेफिकीर ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही. जोखीम त्याच्या शरीरावर आहे आणि शेवटचा शब्दही त्याचाच. पण ती जोखीम निम्मी करणे अनेकदा कार्यालयाच्या हाती असते. खुर्ची हलवणे, खिडकी उघडणे, तासभर उशिरा येऊ देणे याला खर्च जवळजवळ नाही. साथ येण्याची वाट न बघता हे आजच ठरवून ठेवता येते.